नाना चौबळांचे सतरा पंचनामे

वाचनालयाच्या ठरावांच्या वहीत नाना चौबळांच्या दुखवट्याचा ठराव तीन ओळींचा आहे. तो मीच लिहिला. 'वाचनालयाचे आजीव सभासद, कोर्टाचे निवृत्त शिरस्तेदार श्री. नारायण गणेश चौबळ यांच्या निधनाबद्दल' असा तो सुरू होतो आणि 'सभा दोन मिनिटे स्तब्ध उभी राहिली' इथे संपतो. त्यात खोटं म्हणावं असं काही नाही. पण नानांनी तो वाचला असता तर समासात पेन्सिलीनं विचारलं असतं की दोन मिनिटं कुणी मोजली? ती कुणीच मोजली नव्हती. कार्यवाहांनी घड्याळाकडे न बघताच बसायची खूण केली होती. हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मी गप्प राहिलो. गप्प राहण्याची मला जुनी सवय आहे. त्या वहीत जे मावलं नाही ते आता सावकाश लिहितो आहे.

मी पनवेलच्या जुन्या गावातल्या या वाचनालयात ग्रंथपाल होतो. नाना रोज दुपारी अडीचला येत आणि पाचला जात. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, करडी पँट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन निवृत्तीनंतर त्यांनी उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. तो अधिकार आता आपल्याकडे नाही, असं ते सांगत. मग खिशाला लावता कशाला, असं मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "जमा करून घ्यायला कुणी आलं नाही."

पश्चिमेच्या खिडकीजवळची दुसरी खुर्ची त्यांची. एका वर्षी ती अचानक डगमगू लागली. खुर्चीचा पाय आखूड असल्याची तक्रार त्यांनी सूचनावहीत तीनदा नोंदवली होती. तिसऱ्या वेळी सुताराला बोलावलं. त्यानं खुर्ची उलटी करून चारही पाय मोजले, ते सारखे निघाले. नानांनी सूचनावहीत त्याखाली लिहिलं, 'सुताराचे म्हणणे वाचले. खुर्ची अद्याप डगमगते.'

तालुक्याच्या कोर्टात त्यांनी उभी हयात दुसऱ्यांची बोलणी लिहून घेण्यात घालवली होती. त्याचा परिणाम असा झाला होता की स्वतःचं असं त्यांचं काही म्हणणंच उरलं नव्हतं. ऊन पडलं आहे, असं ते सरळ कधी म्हणत नसत. ऊन पडल्याचं दिसतं, असं म्हणत. त्यांच्या पत्नीला आम्ही नानी म्हणायचो. त्या पुस्तकं बदलायला येत तेव्हा हसत हसत सांगत, की लग्नाला चाळीस वर्षं झाली पण आमटी बरी झाली की नाही ते मला या माणसाकडून अजून कळलेलं नाही. विचारलं की म्हणतात, प्रथमदर्शनी बरी आहे. म्हणून आता मी शेजारी वाटीभर पाठवते आणि शेजारणीला विचारते.

एकदा वाचनालयातून त्यांची छत्री गेली. चार दिवसांनी एक गृहस्थ तीच छत्री घेऊन आले आणि नानांच्या समोरच्याच खुर्चीला ती अडकवून बसले. दांड्यावर नानांच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली मला माझ्या टेबलावरून दिसत होती. नानांनी छत्रीकडे बराच वेळ पाहिलं. मग अत्यंत नम्रपणे त्या गृहस्थांना विचारलं, "ही छत्री आपली आहे, असं आपलं म्हणणं आहे का?" ते म्हणाले, हो. नाना म्हणाले, ठीक आहे, आणि पुन्हा पेपर वाचू लागले. त्या दिवशी ते भिजत घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी आद्याक्षरांचा विषय काढला, तर म्हणाले, त्या अक्षरांनी सुरू होणारी नावं पनवेलात पुष्कळ असतील. संशय हा पुरावा नव्हे.

अशा माणसाच्या वाट्याला पुढे कॉम्प्युटर आला.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. तळोज्याच्या एका कारखान्यानं आपली जुनी यंत्रं बदलली आणि त्यातलं एक आमच्या वाचनालयाला देणगी दिलं. मळकट पांढरा खोका, त्यावर जाडजूड पडदा. पुस्तकांची हजारो कार्डं त्यात घालायची, म्हणजे सभासदानं नाव सांगताच पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते कळेल, अशी योजना होती. अध्यक्षांची एकच अट होती, कॉम्प्युटर रस्त्यावरून दिसला पाहिजे. म्हणून तो पश्चिमेच्या खिडकीशी ठेवायचं ठरलं. तिथे प्लग नव्हता. वायरमननं दाराजवळच्या प्लगपासून खिडकीपर्यंत शहाबादी फरशीची एक रांग उचकटली, खालून वायर नेली आणि फरश्या तशाच परत ठेवल्या. त्या पक्क्या करायचं सिमेंट मंजुरीत नव्हतं. पुढच्या सभेत घेऊ, असं कार्यवाह म्हणाले. पुढच्या सभेला पुरेसे सभासद जमले नाहीत, आणि त्यानंतर सिमेंटचा विषय सगळेच विसरले.

कार्डं घालायला सुगंधा भोईर नावाची बाई नेमली. जवळच्या विचुंबे गावची, तिशीच्या आतबाहेरची, टायपिंगची परीक्षा पास झालेली. नवरा पूर्वी मिठागरावर होता, ते गेल्यावर ट्रक चालवायला लागला होता. त्या घरातून नोकरीला बाहेर पडलेली ती पहिलीच बाई. सासूनं परवानगी दिली होती ती एका अटीवर. सुगंधानं ती अट मला पहिल्याच आठवड्यात सांगितली, कारण तिला कुणालातरी सांगायची होती आणि मी कुणाला सांगणार नाही हे तिनं ओळखलं होतं. "सासू बोलली, जा. पन कोनी एक बोट जरी दाखवलं ना, तर दुसऱ्या दिवशी घरात बसायचं. मंग मी बोलवायला आली तरी जायचं नाय." तिची वेळ दुपारी बारा ते पाच. टाइपरायटरवर शिकलेली असल्यामुळे ती कळा जोरात मारायची, आणि आमच्या शांत दालनात दूरवर कुणीतरी लाह्या भाजत असल्यासारखा आवाज येत राहायचा.

तिसऱ्या आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडू लागला. काम ऐन रंगात असताना पडदा काळा व्हायचा, आतून 'टुक' असा आवाज यायचा आणि मग यंत्र पुन्हा पहिल्यापासून आकडे मोजायला लागायचं. साठवायची राहिलेली कार्डं गेलेली असत. आठवड्यात एकदा, कधी दोनदा. एकदा तर एका कार्डावर तीनदा.

न्यू पनवेलहून दुरुस्तीवाला आला. त्यानं खोका उघडला, फुंकर मारली, बंद केला. यंत्र दुकानात नेलं, तिथे ते तीन दिवस अखंड चाललं. परत आणलं तर दुपारी साडेतीनला बंद. वाचनालयानं एक स्टॅबिलायझर घेतला. तो घोरायला लागला, पण कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडलाच. सकाळी कार्यवाह करमरकर पाहुण्यांना यंत्र दाखवत, तासतासभर काहीबाही दाबत, तेव्हा ते कधी दगा देत नसे. दुरुस्तीवाल्यानं शेवटी निकाल दिला की मशीनमध्ये खराबी नाही, चालवणाराकडे बघा.

झालं. सगळे सुगंधाकडे बघू लागले.

आधी तिला सावकाश टाइप करायला सांगितलं. मग हातातली तांब्याची अंगठी काढायला सांगितली, ती तिनं काढली. रबरी चपला घालून बसायला सांगितलं, ती बसली. एका सभासदांनी कुठेतरी वाचलं होतं की खळ घातलेल्या कपड्यांतून वीज तयार होते. तेव्हापासून ती चुरगळलेल्या मऊ साड्या नेसून येऊ लागली आणि नाक्यावरच्या बाया तिला बरं नाही का विचारू लागल्या. काचेच्या बांगड्यांवरही चर्चा झाली, पण ती कुणी पुढे रेटली नाही. कॉम्प्युटर पडायचा थांबला नाही. मग मासिक सभेत कार्यवाह म्हणाले, की मुलगी चांगली आहे हो, पण शेतावरचा हात आहे, जड आहे, नाजूक यंत्राला मानवत नाही. आपण दुसरी बाई बघू. ठरावाचा मसुदा मला करायला सांगितला. मी कागद पुढे ओढला.

भिंतीपाशी साधे सभासद बसत. तिथून नाना उभे राहिले. सभेत ते कधी बोलत नसत, त्यामुळे कार्यवाहांना वाटलं ते घरी निघाले.

"आरोप काय आहे, तो लेखी आहे का?" नानांनी विचारलं.

कार्यवाह म्हणाले, आरोप कसला, नाना? सगळ्यांना दिसतंय. नाना म्हणाले, काय दिसतंय? एक यंत्र बंद पडतं, आणि त्या वेळी एक बाई तिथे असते. ती तिथे असते कारण आपण तिला तिथे बसायला नेमलं आहे. प्रत्येक प्रसंगाचा रीतसर पंचनामा व्हावा, तो पुढच्या सभेपुढे यावा, आणि तोपर्यंत कुणी बोट दाखवू नये. त्यांनी 'बोट' हा शब्द सहज वापरला होता. सुगंधाच्या सासूविषयी त्यांना काही माहीत नव्हतं. पंचनाम्याला काही खर्च नाही हे लक्षात आल्यावर कार्यवाहांनी तो मान्य केला आणि दोन महिन्यांची मुदत दिली.

कोर्टात उभे राहता राहता कोसळलेले पंचनामे नानांनी आयुष्यभर वाचले होते. त्यामुळे न कोसळणारा पंचनामा कसा असतो हे आपल्याला माहीत आहे, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी एक दोनशे पानी वही आणली. कॉम्प्युटर बंद पडला की सुगंधा हात वर करी. नाना पेपरची घडी घालून उठत, घड्याळ बघत, दालनातल्या दोघांना पंच म्हणून बोलावत आणि उभ्यानं लिहायला लागत. 'दुपारी तीन वाजून बारा मिनिटे. पश्चिमेच्या खिडकीलगत ठेवलेला एक कॉम्प्युटर, रंग मळकट पांढरा, चालू स्थितीत असता, कोणतेही कारण न दर्शवता बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झाला. खिडकीचे एक दार उघडे, एक लोटलेले. पंखा दोन नंबरवर. बाहेर बैल नाही.' बैल कशासाठी, असं मी विचारलं. ते म्हणाले, आज नाही. उद्या असला तर फरक कळायला नको?

पंच होणं सोपं नव्हतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांनी विचारलं, काय पाहिलंत? ते म्हणाले, काही नाही, मी अग्रलेख वाचत होतो. नाना लेखणी थांबवून म्हणाले, आपण काही पाहिलं नाही असं लिहू, की काही घडलं नाही असं लिहू? मुख्याध्यापकांना दोन्हींतला फरक समजून घ्यायला पाऊण तास लागला. तोपर्यंत कॉम्प्युटर आणखी एकदा बंद पडला, आणि तेव्हा ते अग्रलेख वाचत नसल्यामुळे त्यांची सबबही राहिली नाही. पंधरा दिवसांत दुपारचे वाचक सकाळी येऊ लागले. जे नाइलाजानं दुपारी येत ते दारातूनच विचारत, आज झाला का? झाला असेल तरच आत येत. मासिकं चाळायला येणाऱ्या कॉलेजच्या दोन मुली मात्र मुद्दाम थांबत. त्यांना सही करायला आवडे.

अकराव्या पंचनाम्याच्या वेळी नानांनी प्रयोग केला. सुगंधाला खुर्चीवर बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले, आणि स्वतः आपल्या खुर्चीत बसून घड्याळ हातात धरून बघत राहिले. वीस मिनिटं काही घडलं नाही. नाना विचारात गढून गेले. एकविसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. नानांना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'स्पर्शाविना.' संध्याकाळी ते कार्यवाहांना दाखवलं. कार्यवाहांनी वाचलं आणि म्हणाले, म्हणजे नुसती बसली तरी बंद पडतो. हे तर जास्तच वाईट झालं.

सुगंधा त्या दिवशी कॉम्प्युटरवर कव्हर घालताना मला म्हणाली, "सर, नाना माझ्यासाठी एवढं लिवतात, पन जेवढं लिवतात तेवढा तो जास्त बंद पडतो." ते खरं होतं. पहिल्या महिन्यात पाच पंचनामे झाले होते, दुसऱ्या महिन्यात शेवटी बारा झाले.

मुदत संपली आणि सभा भरली. सुगंधाला दाराजवळ स्टुलावर बसवलं होतं. नानांनी सतराच्या सतरा पंचनामे वाचले. तास गेला. अध्यक्षांची मान दोनदा छातीवर आली. सगळं वाचून झाल्यावर नाना म्हणाले, आता निष्कर्ष. पंखा, खिडकी, ऊन, वार, रस्त्यावरची जनावरं, यांतलं काहीही सतराही वेळा सारखं नाही. पंच बदलत गेले आहेत. सतराही वेळा हजर असलेली व्यक्ती एकच, सुगंधा भोईर.

कार्यवाह म्हणाले, "मग आम्ही दुसरं काय म्हणत होतो, नाना?"

हातातलं पान नाना परत परत खालपर्यंत वाचत होते. सुगंधा स्टुलावरून उठली होती आणि तिनं पिशवी खांद्याला लावली होती. मला अजून आठवतं, ती माझ्याकडे बघत नव्हती, कुणाकडेच बघत नव्हती, फक्त नमस्कार करून जावं की न करता, एवढंच ठरवत होती. नानांनी वही मागे उलटली. सोळावा पंचनामा, पंधरावा, चौदावा. प्रत्येकाच्या तळाशी ते बोट ठेवत गेले.

"माझी चूक आहे," ते म्हणाले. "आणखी एक इसम सतराही वेळा हजर होता. त्याची चौकशी झालेली नाही."

कोण, असं सगळ्यांनी विचारलं. नानांनी वही कार्यवाहांकडे सरकवली. प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ होती, 'लिहिणार, ना. ग. चौबळ.' कोर्टात लिहिणाराला कुणी हजर धरत नाहीत, त्यामुळे त्यांनीही स्वतःला धरलं नव्हतं. कार्यवाहांना हसू आलं. पण नाना हसत नाहीत हे बघून त्यांनी एक दिवसाची मुदत वाढवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी स्वतःची जबानी घेतली. प्रश्न विचारताना ते खुर्चीशेजारी उभे राहत आणि उत्तर देताना खुर्चीत बसत. गुडघे दुखत असल्यामुळे प्रत्येक प्रश्नानंतर थोडा वेळ जाई. दालनात मी, सुगंधा आणि सही करायला आलेल्या त्या दोन मुली होतो.

उभे राहून त्यांनी विचारलं, कॉम्प्युटर बंद पडतो त्या वेळी आपण काय करत असता? बसून सांगितलं, वाचतो, किंवा विचार करतो. उभे राहून विचारलं, विचार करताना शरीराची काही हालचाल होते का? बसले. मग साक्षीदाराला माहिती नाही असं त्यांनी लिहिलं आणि इतर कुणाला माहिती असल्यास सांगावी, असं दालनाला उद्देशून म्हटलं.

मला माहिती होती. रोज दुपारी माझ्या डोळ्यांसमोर ते चालत होतं. मी कार्डांची पेटी सरळ करत राहिलो.

"नाना," सुगंधा म्हणाली, "तुमी पाय हालवता. उजवा. शिलाईचं मशीन चालवल्यावानी."

नानांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग सुगंधाला काम सुरू करायला सांगितलं आणि स्वतः पाय हलवू लागले. काही झालं नाही. पाय नीट हलतच नव्हता. मुद्दाम हलवायला गेले की तो कवायतीसारखा वरखाली व्हायचा. पाच मिनिटांनी त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, हे तसं नाही, ते आपोआप व्हायला पाहिजे, त्यासाठी खरा विचार पडला पाहिजे. मुलींनी कोडी घालून पाहिली, पण त्यांना सगळी उत्तरं येत होती.

सुगंधानं टाइप करता करताच विचारलं, "नाना, कोर्टात दोगं समोरासमोर असतील, आनि दोगं पन खरंच बोलत असतील, तर मंग लिवायचं काय?"

नाना खिडकीबाहेर बघू लागले. हळूहळू त्यांचा उजवा पाय हलायला लागला, आधी टाच, मग गुडघा. त्यांच्या खुर्चीखालची फरशी बारीक कुरकुरत होती, खाली-वर, खाली-वर. ही फरशी इतकी हलते हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सुताराचं म्हणणं खरं होतं. टुक असा आवाज झाला आणि पडदा काळा झाला.

फरशी उचलली. खालची वायर दगडाच्या धारेखाली दाबून दाबून सोलवटून निघाली होती. आतली तांब्याची तार तुटत आलेली होती, फरशी दबली की सुटायची आणि उचलली की पुन्हा चिकटायची. नाना गुडघ्यांवर बसून ती बघत राहिले. मग त्यांनी अठरावा पंचनामा लिहिला. त्यात ते आरोपी होते, साक्षीदार होते आणि लिहिणारेही होते. या वेळी स्वतःचं नाव त्यांनी सर्वांत वर लिहिलं.

पुढे एकदा मी सुगंधाला विचारलं, की तुझ्या हे आधी लक्षात आलं नव्हतं का? ती म्हणाली, सभेच्या आठ-दहा दिवस आधीच आलं होतं. पाय थांबला की मशीन चाले, हे तिनं ओळखलं होतं. मग बोलली का नाहीस? "सगळी माझ्यावर बोट दाखवीत होती, सर. हे एकटे माझ्या बाजूनं. त्यांच्यावरच मी बोट दाखवू?" घरी बसायची वेळ आली असती तरी? ती म्हणाली, "मी निघालीच होती ना पिशवी घेऊन."

कार्यवाहांनी मोठ्या मनानं विषय मिटवला. वायर भिंतीवरून पट्टी मारून नेली, फरश्या सिमेंटनं पक्क्या केल्या. सभेत सुगंधाची नोकरी कायम झाली. सगळे हसत होते. नाना पुन्हा भिंतीपाशी उभे राहिले. ते म्हणाले, वायरची चूक वायरमनची असेल, सिमेंटची सभेची असेल, पण एका निरपराध बाईकडे दोन महिने बोट दाखवलं गेलं, आणि ती माझ्या पायाची करणी होती. याला काही शिक्षा नको का? अध्यक्ष म्हणाले, अहो चौबळ, जाऊ द्या आता. नाना म्हणाले, सभा देत नसेल तर मी घेतो. त्यांनी स्वतःला एक वर्ष दालनात प्रवेशबंदी केली. मी ती इतिवृत्तात लिहिली, कारण त्यांनी लिहायला लावली.

वर्षभर ते रोज अडीचला येत आणि ओसरीच्या कठड्यावर बसत. आत पाऊल टाकत नसत. पेपर नेऊन द्यायचं काम सुगंधानं आपणहून घेतलं. तो कठडा दगडी होता, म्हणून तिनं विचुंब्याहून एक जुनी उशी आणली. ती शिक्षेत बसत नाही म्हणून नानांनी दोन महिने वापरली नाही, आणि थंडीत नानींनी येऊन दम दिल्यावर वापरली. चारच्या सुमाराला ते उंबऱ्याबाहेर उभे राहून आत मान करून विचारत, "चालू आहे ना?" सुगंधा म्हणायची, "चालू हाय, नाना." मग ते पुन्हा कठड्यावर जाऊन बसत. त्या वर्षात कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. नवीन वाचकांना वाटायचं की हे गृहस्थ वाचनालयाचे पहारेकरी आहेत. दोघा-तिघांनी त्यांच्याकडे चपला सांभाळायला दिल्या. त्यांनी सांभाळल्या.

वर्ष पुरं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आत आले. थकलेले दिसत होते. मधल्या काळात छातीचं दुखणं निघालं होतं, हे नानींकडून कळलं होतं. ते आपल्या खुर्चीत बसले. खुर्ची डगमगली नाही. दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबून, मान लांब करून ते टेबलावर पसरलेला पेपर वाचू लागले. पान उलटायचं झालं की एक हात झटकन उचलत आणि लगेच परत ठेवत. हळूहळू त्यांना त्या पानात रस लागला असावा. उजवा हात गुडघ्यावरून घसरला.

साडेतीनच्या सुमाराला मी पेटीतली कार्डं घेऊन सुगंधाच्या मागे उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत पडदा काळा झाला. टुक नाही, आकडे नाहीत, काही नाही. यंत्राचं जे काही आयुष्य होतं ते संपलं होतं. वायर भिंतीवर जागेवर होती, पंखा फिरत होता. सुगंधाचे हात क्षणभर कळांच्या वर तसेच अधांतरी राहिले.

पाठीमागून नानांचा आवाज आला. "चालू आहे ना?"

"चालू हाय, नाना," ती म्हणाली, आणि तिनं पुढचं कार्ड घेतलं. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, कपाट, कप्पा. तिनं सगळं काळ्या पडद्याकडे बघत टाइप केलं, कार्ड उजवीकडे पालथं ठेवलं आणि त्याच्या पुढचं घेतलं. कळा नेहमीसारख्याच जोरात वाजत होत्या. मी हळूच तिच्या खुर्चीमागे आणखी थोडा सरकलो, म्हणजे खिडकीजवळून पडदा दिसणार नाही.

पाच वाजता नानांनी पेपरची घडी घातली. जाताना तिच्या टेबलाकडे ते वळले नाहीत. दारात चपला घालताना त्यांनी मला बोलावलं. चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"आज बंद पडल्याचं दिसलं नाही," ते म्हणाले. "आपलं काय म्हणणं आहे?"

मला कुणी कधी असं विचारलं नव्हतं.

"माझं म्हणणं, एकदाही बंद पडला नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि ते पायऱ्या उतरले. ते मला दिसले ते तेवढेच शेवटचे. ते फाटकापाशी पोहोचले, कडी काढली, बाहेर जाऊन पुन्हा लावली, आणि रस्त्यावर वळून दिसेनासे झाले. तोवर आत सुगंधा टाइप करत होती.